"जर्मनीत गरीब कोण हाय?" : बेळगावच्या कॉलेजातनं परदेशी स्वयंसेवेला पोरं पाठवायचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात शिकवतो आणि सोबत एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, बघतो. हे प्रकरण २०२२-२३ चं आहे. यातल्या पोरांची नावं, त्यांची गावं, मधल्या संस्थेचं नाव मुद्दामच देत नाही, तालुक्यानं ओळखलं तरी भागतंय.

एनएसएस म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असतं, वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक ७ दिवसांचा कॅम्प. त्यातली निम्मी पोरं सर्टिफिकेटासाठी येतात, हे मी मान्य करतो, मला त्याचं वाईटपण वाटत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच एकदम चढल्या, तेव्हा ह्याच सर्टिफिकेटवाल्या पोरांनी आठवडाभर चादरी आणि तांदळाची पोती उचलली. त्यामुळं बेंगळूरच्या एका संस्थेचा फोन आला की जर्मनीला वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायला विद्यार्थी पाहिजेत, तुमच्या भागातनं ६ जण द्या, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लगेच हो म्हणायला नको होतं, ते पुढं येईलच.

कार्यक्रम खरा होता, भुरट्या एजंटाचा नव्हता. जर्मन सरकारचा वेल्टवेर्ट्स म्हणून कार्यक्रम आहे, २००८ ला सुरू झाला. आधी फक्त तिकडची पोरं आपल्यासारख्या देशांत यायची, २०१३ पासून उलटी वाट पण उघडली, म्हणजे इकडच्यांनी तिकडं जाऊन काम करायचं. तिथं गेल्यावर त्यांच्याच देशांतर्गत स्वयंसेवेच्या योजनेत घेतात, तिचं नाव इतकं लांब आहे की आमच्या पोरांनी पहिल्या दिवशीच त्याचं बीएफडी करून टाकलं. जर्मनीत पूर्वी सक्तीची लष्करी सेवा होती आणि ज्याला बंदूक नको त्यानं दवाखान्यात, वृद्धाश्रमात काम करायचं अशी सोय होती. २०११ मध्ये सक्ती थांबली, सोबत ती सोयपण गेली, म्हणून ही योजना आणली. राहणं, जेवण, विमा आणि खर्चाला थोडे पैसे मिळतात, पगार नाही. वर्षभराच्या सेवेत २५ दिवस सेमिनार असतात. विमानाचं तिकीट कार्यक्रमाचं. पासपोर्ट आणि बेंगळूरच्या फेऱ्या पोरांच्या खिशातनं.

अडचण

पहिली मीटिंग जुलै २०२२ मध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये घेतली. संस्थेनं इंग्लिशमधलं पोस्टर पाठवलेलं, वर विमानाचं चित्र, खाली हसणारी गोरी-काळी पोरं. मी वर मराठीत एक ओळ टाकली, "जर्मनीला जायची संधी, सर्व खर्च मोफत". प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की नोटिस बोर्डावर नुसतं मराठी लावू नका, कन्नड पण टाका नाहीतर दोन्ही काढा. बेळगावात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही. घाईत मी दोन्ही काढली आणि इंग्लिश तेवढं ठेवलं. हा पहिला निर्णय, आणि तो आळसातनं घेतलेला.

हॉलमध्ये १६० पोरं. मी खुश. वीस मिनिटं १९२४ च्या बेळगाव काँग्रेसवर बोललो, गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन, हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक, त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर वगैरे वगैरे. मागच्या बाकावरनं पहिला प्रश्न आला, "सर, पॅकेज किती?" दुसरा, "पीआर मिळतंय काय?", म्हणजे तिथं कायमचं राहायला मिळतं का. तिसऱ्यानं विचारलं रजिस्ट्रेशन फी किती भरायची, कारण त्याच्या गावात एकानं व्हॉट्सॲपवर यूएनच्या नावानं आलेल्या जाहिरातीला पैसे भरले होते आणि ते बुडाले. (संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, ऑफिस जर्मनीतच बॉनला आहे, आणि अर्जाला ते एक रुपया घेत नाहीत. हे त्या दिवशी मी बरोबर सांगितलं, बाकी बरंच चुकीचं सांगितलं.)

फॉर्म आले ४१. त्यातले बहुतेक शहरातले, इंग्लिश मीडियमचे. माझी पुरातली पोरं, खानापूर, चंदगड, निपाणीकडची, एकपण नाही. त्यातल्या एकीला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, तू का नाही आलीस? ती म्हणाली, "सर, मी पोस्टर बघितलो. ते आमच्यासाठी नाही वाटलं." आमच्याकडं पोरी पण बघितलो, गेलो असंच बोलतात, शहरातल्या मॅडमना ते खटकतं, मला नाही.

पोरं आणखी एका गोष्टीत अडकलेली होती, ती मला नंतर कळली. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, १९२२ पासून. गावागावात सकाळी पाचला पोरं रस्त्यावर धावत असतात. सेवा म्हटलं की त्यांच्या डोक्यात भरती येते. त्यात त्याच जूनमध्ये अग्निवीर आलं, वयाची अट २१, त्या एका वर्षापुरती २३. म्हणजे जर्मनीला वर्ष घालवलं तर वय बाद. एकानं मला सरळ विचारलं, "परत आल्यावर ग्राउंडला उभं करून घेतील काय सर?" नाही घेणार, असं मी सांगितलं. तो गेला. त्याला थांबवायला पाहिजे होतं असं मला आजपण वाटत नाही.

काय काय पर्याय होते

संस्थेचं म्हणणं होतं की ४१ फॉर्म भरपूर झाले, त्यातनं इंग्लिश बोलणारी दहा काढा आणि इंटरव्ह्यूला पाठवा. सोपं होतं, काम एका आठवड्यात संपलं असतं. प्राचार्यांचं म्हणणं होतं की मार्कांवर काढा म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही. स्टाफरूममधल्या एका सरांचं म्हणणं होतं की हे बंदच करा, आपल्या पोरांनी जाऊन गोऱ्यांची सेवा कशाला करायची. त्यांना मी सांगितलं की १९३४ ला बिहारचा भूकंप झाला तेव्हा स्वित्झर्लंडचा पिएर सेरेसोल नावाचा माणूस आपले सोबती घेऊन इकडं आला होता आणि गावं परत उभी करायला राबला होता. त्यावर ते म्हणाले, "तेव्हा आमच्या माणसांनी तेला पॅकेज विचारलं नव्हतं." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चौथा पर्याय माझा मीच काढला, खरं म्हणजे त्या पोरीच्या एका वाक्यातनं निघाला. पोस्टर फेकून द्यायचं, काम काय आहे ते साध्या भाषेत सांगायचं, आणि फॉर्म भरायच्या आधी घरी जायचं. ह्यात वेळ जाणार होता, पेट्रोल माझं जाणार होतं, आणि संख्या कमी होणार हे नक्की होतं. संस्थेला संख्या पाहिजे होती. दोन आठवडे मी कुठंच हललो नाही.

काय केलं

शेवटी मोबाइलवर दोन व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केले. मराठीतला मी, कन्नडमधला आमच्या कन्नडच्या मॅडमनी. दीड मिनिटाचे. त्यात जर्मनी हा शब्द सगळ्यात शेवटी. आधी काम: म्हाताऱ्या माणसांना सकाळी उठवणं, भरवणं, व्हीलचेअरवरनं फिरवणं, कपडे बदलणं, कधी डायपर. नाहीतर अपंग मुलांसोबत दिवसभर राहणं. आठवड्याला साधारण ४० तास. पगार नाही. जर्मन भाषेची पहिली परीक्षा जायच्या आधी द्यायची. परत आल्यावर नोकरीची हमी नाही. हे सगळं सांगून मग, "हे जर्मनीत आहे, वर्षभर, खर्च ते करतात, यायचं असेल तर भेट."

मेसेज सगळ्या क्लासच्या ग्रुपवर फिरला. ४१ मधले ३० पळाले. नवीन ५ आले, त्यात कॉरिडॉरमधली खानापूरवाली होती, एक चंदगडचा, एक निपाणीची. एकूण १६. संस्थेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, यू आर डिसकरेजिंग देम." असेल बाबा.

आईबापांची मीटिंग मी आधी एका रविवारी ठेवली होती, जुलैच्या शेवटी. कुणी आलं नाही. खानापूर भागात तेव्हा रोप लावण चालू असते, चिखलात उभी माणसं सोडून कॉलेजात कोण येतंय. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला असून हे विसरलो. मग ऑक्टोबरपासून घरं फिरायला लागलो. त्यातपण एक भेट १ नोव्हेंबरला धरली, त्या दिवशी बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी, गाडी गल्लीच्या बाहेर निघाली नाही.

खानापूरवालीचं घर मला अजून जसंच्या तसं आठवतं. सोप्यात खाटेवर आजी, अर्धांग झालेलं, तीन वर्षं झाली. चहा आला. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले,

"सर, राग मानू नका. जर्मनीत गरीब कोण हाय? तिथं सेवा कुणाची करायची?"

ह्या प्रश्नाला संस्थेनं दिलेलं छापील उत्तर होतं, सांस्कृतिक देवाणघेवाण, जागतिक नागरिक वगैरे. त्या सोप्यात ते तोंडातनं निघेना. मी व्हॉइस मेसेजमधलंच परत सांगितलं. उठवायचं, भरवायचं, कपडे बदलायचे.

"म्हणजे आमच्या आईचं जे आता ही करतीया तेच."

"तेच."

"मग तेच करायला इमानानं जायचं व्हय?"

आतनं आईचा आवाज आला, "आणि मग हितं कोण करणार?"

मी दोन दिवस ह्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलो, एनएसएसची पोरं पाठवू काय, कुणी बाई लावता येईल काय. मग कळलं की ते उत्तर द्यायचं काम माझं नव्हेच. निघताना मी पोरीला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "नाही म्हणालीस तर मला काय वाटणार नाही, आणि कॉलेजात कुणी विचारणार नाही." तीन आठवड्यांनी वडिलांचा फोन आला, पोरीची आत्या यायला तयार झालीया, वर्षभर ती आईजवळ राहील, तुम्ही पुढचं बघा. हा निर्णय त्या घरानं घेतला, मी नाही, कार्यक्रमानं तर नाहीच.

निपाणीच्या घरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरलेलं. ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादावरनं काय झालं ते इकडच्यांना आठवत असेल. महाराष्ट्राचे मंत्री येणार होते ते रद्द झालं, हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडं कर्नाटकच्या बशींना काळं फासलं, एसट्या बंद. मी निपाणीची भेट पुढं ढकलली आणि मग ती झालीच नाही, फोनवर भावाशी बोललो आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

इंटरव्ह्यू नेमका ७ तारखेला बेळगावात. सात जण उरले होते. चंदगडच्या पोराची बस बंद. संस्थेचा नियम, समोर बसूनच इंटरव्ह्यू. मी म्हटलं हे सीमेचं रोजचं दुखणं आहे, त्या पोराची काय चूक. बरीच हुज्जत घातल्यावर व्हिडिओ कॉलला तयार झाले, आणि त्यानं शिनोळीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसून इंटरव्ह्यू दिला, मागं मशीनचा आवाज चालूच.

खानापूरवाली समोर बसली आणि इंग्लिशमध्ये मोटिव्हेशन विचारल्यावर दगड झाली. मी म्हटलं मराठीत बोलू दे, मी सांगतो इंग्लिशमध्ये. ते म्हणाले तुम्ही तिचेच सर, तुम्ही जास्तीचं घालणार. बरोबर होतं त्यांचं. मग दुसऱ्या कॉलेजच्या इंग्लिशच्या मॅडमना बोलावून आणलं. पोरीनं सांगितलं की आजीला उठवताना आधी तिच्या चांगल्या बाजूला उभं राहायला लागतं, नाहीतर ती घाबरते, आणि भरवताना घास कुठल्या गालात ठेवायचा. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवला.

चौघं निवडली. ती, चंदगडचा, निपाणीची आणि शहापूरचा एक विणकराच्या घरचा पोरगा.

मग कागदं. ह्या भागात कागद म्हणजे वेगळंच पुराण. दहावीच्या मार्क्सकार्डावर नाव आणि पुढं नुसती इनिशियल, आधारवर बापाचं पूर्ण नाव आणि आडनाव, कन्नडमधनं इंग्लिशमध्ये आलेलं स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टमध्ये इनिशियल चालत नाही, पूर्ण नाव लागतं. खानापूरवालीचं आधार आधी दुरुस्त करावं लागलं. पासपोर्टची फी १५०० रुपये, तात्काळ केलं तर वर २००० आणखी. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, उसने म्हणून दिले, परत मागायचे नाहीत असं ठरवून. एप्रिल-मेमध्ये विधानसभेची निवडणूक, १० मेला मतदान, पोलिस सगळे बंदोबस्तात, व्हेरिफिकेशनला कोण येणार. ते पण आम्ही कॅलेंडर बघून आधी धरायला पाहिजे होतं.

सगळ्यात मोठी चूक चंदगडच्या पोराची झाली, म्हणजे माझी. सगळ्यांची व्हिसाची फाइल मी एकगठ्ठा बेंगळूरला धरली. राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं काढली. पण जर्मन वकिलात राहत्या पत्त्यावर चालते, कर्नाटकवाल्यांना बेंगळूर, महाराष्ट्रवाल्यांना मुंबई. पोरगा तीन वर्षं रोज बेळगावात येऊन शिकला, पण आधार चंदगडचं, जिल्हा कोल्हापूर. बेंगळूरच्या काउंटरवरनं त्याला परत पाठवलं. रात्रभर प्रवास करून गेलेला, रात्रभर करून परत आला, स्टेशनवर मला बघून हसला आणि म्हणाला, "सर, मी कर्नाटकचा पण नाही आणि बेळगावचा पण नाही की." त्याचा दीड महिना त्यात गेला.

निकाल

६ मागितले होते, २ गेले.

शहापूरच्या पोराला मार्चमध्ये पुण्यात नोकरी लागली, त्यानं सरळ येऊन सांगितलं. निपाणीच्या पोरीचं लग्न ठरलं. भावानं फोनवर हो म्हटलेलं खरं होतं, पण त्या घरात ठरवणारे तिचे थोरले काका होते आणि मी त्यांच्या दारात कधी गेलोच नाही. ज्या एका घरी गेलो नाही तेच घर गळालं, ह्याला योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही.

खानापूरवाली सप्टेंबर २०२३ ला गेली, वृद्धाश्रमात. चंदगडचा ऑक्टोबर संपताना पोचला, अपंग मुलांच्या संस्थेत, पहिला सेमिनार चुकला त्यामुळं सोबतच्या पोरांची ओळख व्हायला त्याला डिसेंबर उजाडला. तो मजेत होता. तिचे पहिले दोन महिने वाईट गेले. परीक्षेची जर्मन वेगळी आणि म्हाताऱ्यांच्या तोंडातली वेगळी, दात नसलेल्या माणसाची गावठी जर्मन कुठल्या पुस्तकात आहे. रात्री फोन करून रडायची. परत ये म्हणावं असं दोनदा मनात आलं.

कायद्यात असं आहे की स्वयंसेवकानं पगारी माणसाची जागा घ्यायची नाही. ती म्हणायची, बहुतेक दिवस तसंच असतं, पण कुणी रजेवर गेलं की मीच सगळं करतो. जर्मनीत म्हाताऱ्यांना बघायला माणसं कमी पडायलेत हे उघड गुपित आहे. वर्ष संपल्यावर तिला तिथंच नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करशील काय म्हणून विचारलं आणि ती हो म्हणाली. वडील मला म्हणाले, "सर, एक वर्ष म्हणाला होता." मी एक वर्षच म्हणालो होतो. आपण स्वयंसेवक शोधत होतो का कामगार, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे, आणि पोरगी तिथं खुश आहे ह्यानं तो सुटत नाही.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आजी गेली. दुपारी वडिलांचा फोन मला आला, तिला नाही. म्हणाले, तिची ड्युटी असेल, संध्याकाळपर्यंत सांगू नका, आणि तुम्हीच सांगा, आम्हाला जमणार नाही. मधेच यायच्या तिकिटाची सोय तिच्या करारात नव्हती, आणि काढलं असतं तरी मातीला पोचली नसती. मी साडेतीन तास फोन हातात घेऊन बसलो. मग सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आत्या होती काय जवळ?" होती.

परत करायचं झालं तर

इंग्लिश पोस्टर आणि हॉल, दोन्ही नको. व्हॉइस मेसेजनं सुरुवात, कन्नड-मराठी एकाच दिवशी. घरभेटी सुगी झाल्यावर, आणि फॉर्म घ्यायच्या आधी. घरात कोण ठरवतं हे पोराला आधी विचारायचं, बाप असेलच असं धरायचं नाही. सीमेपलीकडच्या पोराचा पत्ता पहिल्या दिवशी बघायचा. भरतीच्या वयातल्या पोराला आपणहून ते गणित मांडून दाखवायचं, तो गेला तर जाऊ दे. संस्थेला सुरुवातीलाच सांगायचं की ६ चा आकडा देणार नाही, आणि वर्षानंतर तिथं थांबवून घेणार असाल तर ते आईबापांना आधी सांगा.

जर्मनीत गरीब कोण, ह्याचं चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. चंदगडचा परत आल्यावर त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "रविवारी कुणी भेटायला येत नाही तेंच्याकडं सर," आणि चहा पिऊन घरी गेला, म्हशीची धार काढायची होती.

यंदाच्या फॉर्मवर मी दोन ओळी घातल्यात, मराठीत आणि कन्नडमध्ये. घरात सध्या तुझ्यावर कुणाची सेवा आहे? तू गेल्यावर ती कोण बघणार? आतापर्यंत ९ फॉर्म आलेत. चौघांनी दुसरी ओळ रिकामी सोडलीया. त्यांच्या घरी दिवाळी झाल्यावर जायचं आहे.